मिठवाल्यासाठी कौल

सगळ्यात सुखाचे दिवस कुठले, असं कुणी विचारलं तर मी लहानपणाचं काहीतरी सांगून वेळ मारून नेते. खरं सांगायची सोय नाही. खरं म्हणजे माझ्या सुखाचे आठ महिने मी बोरिवलीच्या एका डायलिसिस सेंटरमध्ये, आईच्या खुर्चीशेजारी, एक पाय लंगडणाऱ्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून काढले. आईचं रक्त नळीतून मशीनमध्ये जाऊन, धुऊन परत येत होतं, आणि मी मांडीवर सहाशे पानांची कादंबरी घेऊन आनंदात होते. आता म्हणा काय म्हणायचं ते.

घरात आम्ही दोघीच. दहिसरला नदीच्या अलीकडे चाळीत दीड खोली. आजूबाजूला टॉवर उठले, आमची चाळ बिल्डरच्या भांडणात तशीच राहिली. वडील गिरणीत होते, गिरणी गेल्यावर एका सोसायटीत वॉचमन झाले, आणि काही वर्षांनी तेही गेले. मी लग्न केलं नाही. का, ते विचारणाऱ्या बायका आता विचारून विचारून थकल्या आहेत. अंधेरीला एका कुरिअर कंपनीत मी तक्रारींचे फोन घेते. 'तुमचं पार्सल वाटेत आहे' हे वाक्य मी दिवसातून इतक्या वेळा म्हणते की झोपेतही म्हणत असेन. पार्सल कुठे आहे हे मला बहुतेक वेळा माहीत नसतं.

आईच्या साखरेने आधी तिचे डोळे नेले, मग किडन्या. उजेड, अंधार आणि समोरच्या माणसाचा आकार एवढंच तिला दिसायचं. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी सात ते अकरा डायलिसिस, मग तिला घरी सोडून मी दुपारच्या शिफ्टला पळायचे.

दोन महिन्यांतच तिने जाहीर करून टाकलं, "पुरे झाला. हाताची चाळण करून टाकल्यानी. आता माका जाऊचा नाय."

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन साध्या शब्दांत सांगितलं होतं, की डायलिसिस थांबवलं तर एक आठवडा, फार तर दोन. त्यामुळे आठवड्यातून दोनदा सकाळी सहाला आमच्या घरात महाभारत व्हायचं. मी ओरडायचे, रडायचे, अबोला धरायचे, 'आज आलीस तर संध्याकाळी बोंबलाचा एक तुकडा देईन' अशी लाच दाखवायचे. शेजारच्या दोघी येऊन समजूत काढायच्या. रिक्षावाला खाली हॉर्न वाजवत बसलेला असायचा. तिने त्या खुर्चीवर येऊन बसत राहावं, एवढी एकच गोष्ट मला जगात हवी होती, आणि तीच ती द्यायला तयार नव्हती. नातेवाइकांना खरं तर आत बसू देत नाहीत. पण आईने दोनदा स्वतःच्या हाताने सुई उपटायचा प्रयत्न केला, तेव्हा तिथल्या सिस्टरनेच माझ्यासाठी ते लंगडं स्टूल आणून ठेवलं.

चार तास नुसतं बसायचं म्हणजे शिक्षाच. फोन बघून बघून डोळ्यांत वाळू गेल्यासारखं व्हायचं. म्हणून एका शुक्रवारी मी स्टेशनजवळच्या जुन्या वाचनालयात शिरले. त्या वाचनालयाचे सभासद एकेक करून वर चालले आहेत आणि नवीन कुणी येत नाही, त्यामुळे तिथल्या बाईंनी माझं स्वागत माहेरवाशिणीसारखं केलं. मी कपाटातलं सगळ्यात जाड पुस्तक मागितलं. जास्त दिवस पुरेल, एवढाच हिशेब. त्यांनी तीन खंडांच्या एका अद्भुत कादंबरीचा पहिला खंड काढून दिला. अनुवाद होता, पण मूळ कुठल्या भाषेतलं हे सांगणारं पान कुणीतरी फाडून नेलं होतं. जादू, चालते डोंगर, दगडी जनावरं. मी मनात म्हटलं, पन्नाशीच्या उंबऱ्यावर आता हे पोराटोरांचं वाचायचं बाकी होतं.

लहानपणी मी अशी वाचायचे. गॅलरीत कठड्याला पाठ लावून बसले की आईच्या तीन हाका मला ऐकू यायच्या नाहीत, आणि चौथी पाठीत बसायची. 'धपाटो घातल्याशिवाय ही भायर येवची नाय,' असं ती सगळ्या चाळीला सांगायची. मग नोकरी लागली, वडील गेले, फोन आला, आणि ते बुडून जाणं कधी थांबलं ते मला कळलंसुद्धा नाही. वीस वर्षं मी पुस्तकं चाळत होते, वाचत नव्हते. हात फिरवून ठेवून द्यायचं, लग्नाच्या खरेदीत दुकानदारासमोर साड्या बघतो तसं.

त्या पहिल्या मंगळवारी काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. विसाव्या पानापर्यंत मला लंगडं स्टूल जाणवत होतं, मशीनची पिपाणी ऐकू येत होती, कुणीतरी जंतुनाशकाने फरशी पुसत होतं. मग कधीतरी अक्षरं दिसायची बंद झाली. सिस्टरने खांद्याला हात लावला. "मॅडम, झालं. अकरा वाजले." मला वाटलं ती थट्टा करते आहे. मी नुकतीच एका शहरातून बाहेर पडत होते, जिथे गरीब लोक आपला आवाज बाजारात विकतात आणि त्या बदल्यात धान्य घेतात, आणि काही क्षण मला सिस्टरला उत्तर देता येईना. घशातून आवाजच निघेना. रिक्षात बसल्यावर मी हसायला लागले. इतकी वर्षं ज्याला मी मेलेलं समजत होते ते आतमध्ये धडधाकट होतं.

गोष्ट तशी साधी. त्या देशात डोंगर दरवर्षी एक पाऊल चालतात, त्यामुळे ज्या वाटेने घरातून निघालात त्या वाटेने परत येता येत नाही. एक हमाल राजवाड्यात मीठ पोचवायला निघतो. काम करून उरलेलं मीठ पाठीवर टाकून परत फिरतो, तर खिंडी जागेवर नाहीत. आणि प्रत्येक नव्या खिंडीत एक दगडी जनावर वाट अडवून बसलेलं. त्याला मीठ चाटवलं तरच ते उठतं. मीठ कमी होत जातं, घर येत नाही. तीन खंड हा माणूस फक्त घरी चालला आहे. राजकन्या आहे, पण ती पहिल्याच खंडात कंटाळून निघून जाते.

तिसऱ्या-चौथ्या वेळी आई म्हणाली, "एकटीच काय हसतंस? माका सांग."

मग मी हळू आवाजात वाचायला लागले. शेजारच्या खुर्चीवर एक निवृत्त बस ड्रायव्हर असायचे. आरे कॉलनीतल्या झाडीतल्या रस्त्यावर त्यांनी उमेदीची वर्षं बस चालवली होती. ते डोळे मिटून पडलेले असत, म्हणून मला वाटलं झोपलेत. एकदा म्हणाले, "मॅडम, जरा मोठ्यानं वाचा ना. माझे मधले स्टॉप चुकतायत." त्यानंतर ते नियमित श्रोते झाले आणि नियमित तक्रारदारही. "हा वरच्या खिंडीतून कशाला गेला? नदीकाठानं गेला असता तर दोन दिवस वाचले असते. रूटच माहीत नाय याला."

"तुमका गाडी होती," आई पलीकडून फणकारायची. "तेच्या पाठीर ओझा असा."

हमालाचं नाव पुस्तकात होतं, पण ते आईच्या जिभेवर बसेना. ती त्याला मिठवालो म्हणायला लागली. तिला स्वतःला मीठ बंद होतं, डाळीतसुद्धा चिमूटभरच. त्यामुळे पाठीवर पोतंभर मीठ घेऊन फिरणारा माणूस तिला फारच श्रीमंत वाटत असावा. घरी आमटी भुरकताना ती विचारायची, "आता मिठवाल्याकडे किती रवला असात गो?"

आणि महाभारत थांबलं. मंगळवारी मी उठायच्या आधी ती आंघोळ करून, वेणी घालून, कॉटवर पाय सोडून बसलेली असायची. "चल गो, उशीर जाता. शुक्रवारी तो नदीच्या मधी होतो." सुई टोचताना ती आधी किंचाळायची, आता सिस्टरला म्हणायची, "टोच बाय लवकर, फुडचा आयकाचा असा." मी तेव्हा काय उड्या मारल्या असतील! वाचताना मी बुडत होते, शेजारी माझी आई बुडत होती, आणि पलीकडे एक बस ड्रायव्हर. तिघांचे चार तास कुठे गेले कळायचं नाही. डायलिसिस सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच मला वाटलं, ही राहील.

दुसरा खंड संपत आला तेव्हा तिसरा वाचनालयात नव्हता. कुणीतरी नेला होता आणि ठेवून घेतला होता. आईचा जीव टांगणीला लागला. त्याच आठवड्यात गावाहून मामाचा फोन आला. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, तिच्या माहेरच्या घरात तो एकटाच उरला आहे.

"ताईसाठी सोमवारी कौल लावतंय," तो मला म्हणाला.

आमच्या कोकणात देवाला प्रश्न विचारायची ही रीत आहे. गुरव देवाच्या पाषाणावर डावीउजवीकडे ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, म्हणजे देवापुढे अडचण मांडतो, आणि सगळे वाट बघत उभे राहतात. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. लग्न, जमीन, आजारपण, हरवलेली म्हैस, कशालाही कौल. मी मुंबईत वाढलेली, माझा या पाकळ्यांवर विश्वास नाही. ओली पाकळी वाळली की पडणारच, असं मी मामाला लहानपणीच सांगून त्याची बोलणी खाल्ली होती.

आईने माझ्या हातातून फोन ओढून घेतला. "माज्यासाठी नको. त्या मिठवाल्यासाठी लाव."

मी फोन स्पीकरवर टाकला होता, त्यामुळे पुढचं सगळं मला ऐकू आलं. "कोण मिठवालो?" मामा म्हणाला.

"असा एक. घराक जाऊक बघता, वाट गावना नाय तेका."

"खयचो तो? आपल्या वाडीतलो?"

"लांबचो असा."

"नाव काय तेचा? गाऱ्हाण्यात नाव लागता."

आईने माझ्याकडे तोंड केलं. मी नाव सांगितलं. तिने दोनदा प्रयत्न केला, मग म्हणाली, "मिठवालोच सांग. देवाक कळता." मला हसू आवरेना. मी पदर तोंडात कोंबून मोरीत पळाले आणि नळ सोडून हसत राहिले. बाहेर आले तर आई फोन कानाला लावून गॅलरीत जाऊन बसली होती आणि हळू आवाजात बराच वेळ मामाशी बोलत होती. मी विचारलं नाही. बहीणभावाचं काही असेल म्हटलं. मिठवाला पुस्तकातला आहे हे त्या मामाला कुणीही सांगितलं नाही.

सोमवारी दुपारी मला ऑफिसात त्याचा फोन आला. "दोनव उजवे!" तो ओरडलाच. "मिठवाल्याचो पण आणि ताईचो पण. ती नको म्हणा होती, पण बहीण माजी असा, मी गप लावून घेतलंय."

मी हसले, मामाला चिडवलं, 'पाकळी वाळली असेल' म्हटलं. पण त्या दिवशी एका बाईचं पार्सल मी खरोखर, चार ठिकाणी फोन करून, शोधून दिलं. एवढी हलकी झाले होते.

शनिवारी वाचनालयाच्या बाईंचा फोन आला, तिसरा खंड आला म्हणून. रविवारी दुपारी जेवून आई झोपली आणि मी चोरी केली. तिच्याआधी वाचायला बसले. म्हटलं, चार पानं बघू. मग आठवतो तो डाळ करपल्याचा वास. रात्रीसाठी डाळ मीच गॅसवर ठेवली होती, आणि किती वाजले होते देव जाणे. मी उठून गॅस बंद केला आणि धीर न धरवून, मधली पानं गाळत, उभ्या उभ्याच ओट्याला टेकून शेवटापर्यंत वाचलं.

शेवटच्या खिंडीत त्याच्याकडे मीठ उरत नाही. तो रिकामं पोतं उलटं करून दाखवतो. जनावर पोतं हुंगतं, मग त्याचा हात चाटतं. माणसाच्या अंगात मीठ असतंच. तो हात मागे घेत नाही. खाली त्याचं गाव दिसत असतं, चुलींचा धूर वर येत असतो, आणि कुठला धूर कुणाच्या घराचा हेसुद्धा त्याला ओळखू येतं. तिथेच तो संपतो. जनावर उठून बाजूला होतं, वाट मोकळी होते, आणि तिच्यावरून जायला कुणी नसतं.

मी रडले. आधी मला वाटलं मिठवाल्यासाठीच रडते आहे. मग एकदम मनात आलं: कौल चुकला.  एका दिवशी, एका पाषाणावर, एकाच गुरवाने लावलेले दोन कौल, दोन्ही उजवे. त्यातला एक खोटा निघाला तर दुसऱ्याचं काय? इतके दिवस मी त्या दुसऱ्या पाकळीवर जीव टाकून बसले होते, हे मला त्या करपलेल्या टोपासमोर कळलं. विश्वास नाही म्हणणारी मी! चांगली थोबाडीत बसली.

आईला हे ऐकवायचं नाही, हे मी तेव्हाच ठरवलं. मिठवाला मेला म्हटल्यावर ती कशाला रिक्षात चढेल? दोन-अडीच महिने मी तिसरा खंड जसाच्या तसा वाचला. शेवट माहीत असूनही दर वेळी बुडाले, हे कबूल करते. मग तो शुक्रवार आला. शेवटच्या खिंडीपर्यंत मी छापलेलं वाचलं, आणि त्याने रिकामं पोतं उलटं केल्यावर पुस्तकावरची नजर तशीच ठेवून मी माझं सुरू केलं. खोटं सांगायची मला सवय आहे, पोटापाण्याचीच आहे.

पोत्याच्या शिवणीत एक खडा अडकलेला होता, असं मी म्हटलं. मुगाएवढा. जनावराने तो जिभेवर घेतला आणि डोळे मिटले. पहिली दोन-चार वाक्यं मी जुळवून बोलत होते. नंतर जुळवावं लागेना. तो उतरायला लागला तशी मीही उतरायला लागले. पायाखाली खडी घसरत होती. विहीर बुजलेली होती, आंब्याच्या जागी दुसरंच झाड होतं, त्याची बायको म्हातारी झाली होती आणि तिने त्याला आधी ओळखलं नाही. तिने पेज वाढली. पेजेत मीठ नव्हतं, कारण मीठ घेऊन गेलेला माणूस परत आला नव्हता ना. तो पहिला घोट घेऊन हसायला लागला, आणि त्याचं हसणं ओळखून ती दाराच्या चौकटीला धरून खाली बसली. मी कधी काही लिहिलेलं नाही. पण ती वीस मिनिटं मी ज्या सुखात होते तसं सुख मला छापलेल्या पानानेही कधी दिलं नव्हतं. मी खोटं बोलते आहे हे मी पार विसरले होते.

"पोचलो?" आईने विचारलं.

"पोचला."

"घरात गेलो?"

"गेला."

"जेवलो?"

"जेवला गं."

"झकास," बस ड्रायव्हर म्हणाले. "गाडी डेपोत लागली."

शनिवारी मी तो खंड परत न करताच वाचनालयात गेले आणि पाच खंडांची एक नवीन मालिका हेरून ठेवली. पाच खंड म्हणजे वर्षभराची बेगमी.

मंगळवारी सकाळी सहाला आई आंघोळ करून कॉटवर बसली होती, पण अंगावर घरचंच पातळ होतं. "रिक्षावाल्याक परत धाड," ती म्हणाली. "आज जाऊचा नाय. आता कधीच नाय."

मी नेहमीसारखी ओरडायला सुरुवात केली. तिने हात वर केला.

"आयक. मी देवाक गाऱ्हाणा घातलंय. मिठवालो घराक पोचासर मी त्या खुर्चेर बसतलंय, कुरकुर करूचंय नाय. तो पोचलो काय मी सुटलंय. देवान तेचा आयकलान. आता माका माजा पाळूक होया."

मामाशी गॅलरीत बसून ती हे बोलत होती. मी मोरीत हसत होते तेव्हा.

मला तिचं बोलणं कळायला वेळ लागला. मी छापलेलं वाचलं असतं तर मिठवाला कधीच घरी पोचला नसता, आणि ही बाई शब्दाला जागून, कुरकुर न करता, त्या खुर्चीवर बसत राहिली असती. मी तिला खुर्चीवर ठेवण्यासाठी खोटं बोलले आणि त्या खोट्याने तिला खुर्चीवरून उठवलं.

"आई, तो पोचला नाही," मी म्हटलं. "मी खोटं वाचलं. तो खिंडीतच मरतो."

ती हसली. "आता खोटां बोलतंस."

मी खंड आणला. ती खिंड काढली आणि तिच्यासमोर उभी राहून ती सगळी पानं वाचली, मोठ्याने, शेजारच्या दोघी दारात येऊन उभ्या राहिल्या तरी वाचत राहिले. हात चाटणारं जनावर, धूर, मोकळी झालेली वाट, सगळं. पान तिच्या तोंडाजवळ धरलं, जणू तिला दिसणार होतं.

"ह्या तू आता रचलंस," आई शांतपणे म्हणाली. "मगासपासून आरडतंस नुसती. त्या दिवशी तू वाची होतंस तेवा तुजो आवाज खरो होतो. आणि कौल उजवो झालो हा गो बाय. देव आणि पुस्तक दोगाव खोटी कशी असतली?"

मी मामाला फोन लावला. म्हटलं, तिला सांग की कौल खोटा असतो, काहीही सांग. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मिठवाल्याचा गाऱ्हाणा ती म्हणाली तसाच घातलंय. माका वाटला, बरी होऊक मागता." मी विचारलं, आणि तिच्यासाठी तू काय विचारलंस? "इतक्याच. बहीण ह्याच्यातसून सुटतली मां?" आमच्याकडे बरं होणाऱ्यालाही सुटला म्हणतात आणि जाणाऱ्यालाही. मामाच्या ते तेव्हाच लक्षात आलं असावं, कारण पलीकडून रडण्याचा आवाज यायला लागला आणि मला फोन ठेवावा लागला.

डॉक्टर घरी येऊन गेले. आईने त्यांना बसायला सांगितलं, चहा विचारला आणि हात जोडून नाही म्हणाली. बाई शुद्धीवर आहेत, जबरदस्ती करता येत नाही, असं ते मला जिन्यात म्हणाले. चौथ्या दिवशी तिने मीठ घालून पेज मागितली. मी चांगलं मूठभर घातलं. तिने ती खारट पेज चवीने खाल्ली. नऊ दिवसांनी ती गेली.

पाच खंडांची ती मालिका मी आणली होती. वाचते. सगळी अक्षरं दिसतात. पानं उलटतात आणि मी खोलीतच असते, पंख्याचा आवाज ऐकत. धपाटा घालून बाहेर काढायला कुणी नाही आणि आत जायला वाटही नाही. दोन खंड तसेच वाचून परत केले.

महिन्याभराने आईची फाइल आणायला मी सेंटरमध्ये गेले. बस ड्रायव्हर त्यांच्या खुर्चीवर होते. शेजारच्या खुर्चीवर एक तरुण मुलगी फोन बघत पडली होती. ते मला जवळ बोलवून म्हणाले, "मॅडम, त्या शेवटच्या दिवशी तुम्ही वाचत होतात ना, तेव्हा मी डोळे उघडून बघत होतो. आजीचं लक्ष गोष्टीकडे नव्हतंच. तुमच्याकडे तोंड करून बसल्या होत्या, एकटक. मधेच त्यांनी मोकळा हात उचलला, चाचपडत तुमच्या गुडघ्यावर ठेवला, आणि तो हात पुस्तक संपेपर्यंत तिथंच होता. तुम्हाला सांगितलं असेल त्यांनी काहीतरी."

मी त्यांना हो म्हटलं. माझ्या गुडघ्यावर कुणाचा हात होता, हे मला त्यांनी सांगेपर्यंत माहीत नव्हतं.